चष्म्याचा नंबर आणि ८×४२: एका पहिल्या बायनॉक्युलरची निवड

प्रकरण वरवर साधं आहे. चोपन्न वर्षांच्या एक बाई, चष्मा लावणाऱ्या. सोबत त्यांची अकरा वर्षांची भाची. दोघींना मिळून एकच दुर्बीण घ्यायची होती, दोन्ही डोळ्यांनी बघायची, म्हणजे बायनॉक्युलर. सकाळी पक्षी आणि फुलपाखरं, रात्री चंद्र आणि तारे. पैसे सुरुवातीच्या टप्प्यातल्या एका दुर्बिणीपुरतेच. ट्रायपॉडला वेगळे निघणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगून टाकलेलं. भाची त्यांना मावशी म्हणते, म्हणून इथे मीही तेच म्हणतो. माझं काम सल्ला देण्याचं, आणि माझ्याकडच्या व मित्रांकडच्या दुर्बिणी दोघींच्या हातात देऊन काय होतं ते बघण्याचं.

अशा प्रश्नावर हौशी आकाशनिरीक्षकांकडे एक ठरलेलं उत्तर असतं: "डोळे मिटून १०×५० घ्या." उत्तर वाईट नाही, बहुतेकांना ते लागूही पडतं. मावशींना ते लागू पडलं नाही, आणि त्याचं कारण त्यांच्या चष्म्याच्या नंबरात निघालं. ते कसं निघालं, त्याचाच हा वृत्तान्त.

घरात आधीच असलेली दुर्बीण

मावशींकडे एक छोटी १०×२५ होती, खिशात मावणारी, कुणीतरी भेट दिलेली. त्यांची तक्रार थोडक्यात: "काळपट दिसतं आणि थरथरतं." दोन्ही गोष्टी दुर्बिणीवरच्या आकड्यांतच लिहिलेल्या असतात. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की नेत्रिकेतून (डोळा लावायच्या भिंगातून) बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. इथे ती २.५ मिमी. भर उन्हात डोळ्याची बाहुलीही दोन-तीन मिमीच उघडी असते, त्यामुळे दुपारी काही कमी पडत नाही. पहाटे गर्द झाडीखाली बाहुली चार-पाच मिमी उघडते, पण प्रकाश येतो तो तिच्या मधल्या भागापुरता. चित्र काळवंडतं ते त्यामुळे. रात्रीचं तर विचारायलाच नको: २५ मिमीचं भिंग ५० मिमीच्या भिंगाच्या फक्त चौथा हिस्सा प्रकाश गोळा करतं.

थरथरीचं कारण अर्धं पटीत आणि अर्धं वजनात. हाताचा कंपही दहा पट मोठा होऊन दिसतो, आणि अगदी हलकी दुर्बीण हातात स्थिरावत नाही. थोडं वजन असलं तर कंप दबतो. वजन फार झालं की मात्र दंड भरून येतात आणि थरथर मागच्या दाराने परत येते.

भाचीचं निदान वेगळं होतं. ताकद कमी पडतेय, एवढंच. तिने १०–३०×६० अशी झूमवाली दुर्बीण शोधूनच ठेवली होती. नवख्या माणसाची ही फार स्वाभाविक ओढ आहे, आणि तिला नुसतं "नको" म्हणून भागत नाही. म्हणून तशीच एक झूम मिळवली आणि तिच्या हातात दिली.

दहा पटीवर ठेवून तिने समोरच्या झाडावरचा पक्षी शोधायला घेतला. सापडेना. झूम दुर्बिणीत खालच्या पटीला दृष्टिक्षेत्र फार आक्रसलेलं असतं. साध्या १०×५० मध्ये सुमारे साडेसहा अंशांचा गोल दिसतो, या झूममध्ये चारही अंश भरत नव्हते. क्षेत्रफळाने बघितलं तर गोल जवळपास तिपटीने लहान. तीस पटीवर नेल्यावर झोत दोन मिमीचा झाला, चित्र मंदावलं, चंद्र उड्या मारायला लागला. त्यातच दोन नळ्यांची पट एकसारखी बदलत नसल्यामुळे दोन चंद्र एकावर एक बसेनात. भाची तरीही "सवय होईल" म्हणत होती. मग आम्ही मोबाइलचा टॉर्च नेत्रिकेच्या मागे जरा अंतरावर धरला आणि पुढच्या भिंगाला लागून कागद. भिंगाचा जेवढा भाग खरोखर कामाला येतो तेवढ्याच आकाराचा उजेडाचा गोल कागदावर पडतो. डब्यावर साठ लिहिलेलं. पट्टीने तिने स्वतः मोजलं ते जेमतेम चव्वेचाळीस. भिंग खरंच साठ मिमीचं होतं, पण आतल्या कड्याने त्याचा बाहेरचा भाग झाकून टाकलेला. तिथे वाद संपला. ही चाचणी कोणत्याही स्वस्त दुर्बिणीवर करून बघण्यासारखी आहे, आणि ती करायला लागतो फक्त टॉर्च आणि पट्टी.

१५×७० चा विचारही झाला, पण तो लवकर आटोपला. तेवढी जड दुर्बीण हातात धरून तारे बघता येत नाहीत, आणि ट्रायपॉड नाही असं ठरलेलंच होतं.

डोळ्यांची मापं

दुकानात दुर्बिणींची तुलना होते, बघणाऱ्याच्या डोळ्यांची कुणी करत नाही. खरं तर एका संध्याकाळचं काम आहे.

अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सात मिमीपर्यंत उघडते. वय वाढतं तसं ती कमी उघडते. पन्नाशीनंतर पाचच्या आसपास, पण माणसागणिक फरक मोठा, म्हणून वयावरून अंदाज बांधण्यापेक्षा मोजलेलं बरं. त्यासाठी ॲलन की, म्हणजे षट्कोनी पाने पुरतात. अर्धा तास अंधारात बसायचं, एका डोळ्याने ठळक ताऱ्याकडे बघायचं, आणि हात गालाला टेकवून पाना डोळ्याच्या अगदी समोरून, न लावता, आडवा सरकवायचा. पाना बाहुलीपेक्षा अरुंद असेल तर तारा पूर्ण विझत नाही, कडेने प्रकाश आत येतच राहतो. रुंद असेल तर विझतो. मावशींच्या बाबतीत ४ मिमीच्या पान्याने तारा विझला नाही, ५ च्या पान्याने विझला. साडेचार धरू. भाचीचा तारा ६ मिमीच्या पान्यानेही विझला नाही. (लहान मुलाच्या डोळ्याजवळ पाना मोठ्यानेच धरायचा, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.)

आता हिशेब. डोळा साडेचार मिमीचा, म्हणून दुर्बिणीतून येणाऱ्या झोतातलं साडेचारपेक्षा जास्त काही आत शिरणार नाही. ७×५० चा झोत सात मिमीहून जाड. मावशींना त्यातला ७ गुणिले ४.५, म्हणजे सुमारे ३१ मिमीच्या भिंगाएवढाच प्रकाश मिळणार, बाकीचा बुबुळावर पडून वाया. ८×४२ चा झोत ५.२५ मिमी, तिथे मिळणार ३६ मिमीचा लाभ. १०×५० चा झोत ५ मिमी; तिथे ४५ मिमीचा. म्हणजे मावशींच्या डोळ्याला १०×५० मधून ८×४२ च्या दीडपटीहून थोडा जास्त ताऱ्यांचा प्रकाश मिळतो. खगोलाच्या भाषेत अर्धी प्रत (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप). ८×४२ मध्ये जे तारे दिसण्याच्या काठावर आहेत, त्यांच्या खालचा आणखी एक थर १०×५० मध्ये दिसतो.

इथेच थांबलो असतो तर उत्तर १०×५० होतं.

दोन डोळ्यांतलं अंतरही मोजलं: मावशींचं ६२ मिमी, भाचीचं ५४. हाताशी असलेल्या दुर्बिणींची बिजागरी ५६ च्या खाली मिटत नव्हती. म्हणजे भाचीच्या एकेका डोळ्याला एक मिमीचा फरक पडणार. झोत पाच मिमीचा असला की एवढा फरक सहज खपून जातो, तसा तो खपला. आणखी लहान मूल असतं तर हाच मुद्दा आड आला असता.

राहिला चष्मा. मावशींचा नंबर उणे साडेतीन, आणि त्यावर पावणेदोनचा सिलिंडर.

दोन दुर्बिणी, एक चष्मा

आता स्पर्धेत दोनच उरल्या होत्या, किमतीने जवळपास सारख्या. एक १०×५०, जुन्या घाटाची, पोरो प्रिझमची, जिच्यात पुढच्या नळ्या डोळ्यांच्या रेषेपेक्षा बाहेर सरकलेल्या असतात. दुसरी ८×४२, सरळ नळ्यांची, रूफ प्रिझमची.

स्वस्त दुर्बिणींत माझा कल नेहमी पोरोकडे असतो, आणि त्याला कारण आहे. पोरोची रचना सोपी. इग्नात्सियो पोरो या इटालियन माणसाने १८५४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. रूफ प्रिझममध्ये प्रकाश छपरासारख्या दोन उतारांवर विभागून पुन्हा एकत्र येतो. तिथे कोन काटेकोर हवेत, दोन भागांतल्या लहरींचा ताळमेळ बसवायला फेज कोटिंग हवं, आणि नेहमीच्या रूफ रचनेत एका पृष्ठभागावर आरशासारखा मुलामाही लागतो. हे सगळं खर्चाचं काम. त्यामुळे तेवढ्याच पैशात पोरो बहुधा जास्त खणखणीत चित्र देते. रूफ घ्यायचीच तर माहितीपत्रकात फेज कोटिंगचा स्पष्ट उल्लेख असलेली घ्यावी, नुसत्या दिसण्यावर जाऊ नये.

कोटिंगबद्दल एक मुद्दा दोन्हींना लागू आहे. काचेच्या कोऱ्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात. बारा पृष्ठभाग कोरे असतील तर शेवटी साठेक टक्केच प्रकाश डोळ्यापर्यंत पोचतो. सगळ्यांवर चांगलं अनेक थरांचं कोटिंग असेल तर नव्वदच्या वर. म्हणून "कोटेड", "मल्टिकोटेड" आणि "फुली मल्टिकोटेड" हे शब्द एकसारखे वाटले तरी एकच नाहीत. शेवटच्यात हवेला लागून असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर आहेत असा दावा असतो. भिंगावर लालभडक चकाकी असलेल्या दुर्बिणी देखण्या दिसतात. त्या लाल प्रकाश परत पाठवतात म्हणूनच तशा दिसतात, आणि चित्र हिरवट-निळसर होतं. त्या बाजूलाच ठेवा.

तर पोरोच्या बाजूने एवढं सगळं. मग आय रिलीफ बघितला.

नेत्रिकेच्या शेवटच्या काचेपासून डोळा किती मागे ठेवला तर पूर्ण गोल दिसतो, ते अंतर म्हणजे आय रिलीफ. परवडणाऱ्या १०×५० पोरोंमध्ये ते बहुधा कमी असतं. निकॉन ॲक्युलॉन १०×५० आणि ऑलिंपस १०×५० डीपीएस हे दोन प्रसिद्ध नमुने घ्या: दोन्हींचं दृष्टिक्षेत्र ६.५ अंश, आय रिलीफ साधारण १२ मिमी. चष्मा न लावणाऱ्याला दोन्ही उत्तम. पण चष्म्याची काच मुळातच डोळ्यापासून बारा-चौदा मिमी पुढे असते, आणि नेत्रिकेची काच रबरी कडेच्या आत दोन-तीन मिमी बसवलेली असते. म्हणून चष्म्यासकट बघणाऱ्याला निदान पंधरा-सोळा मिमी हवेत, सतरा-अठरा असतील तर निवांत. समोरच्या ८×४२ चा आय रिलीफ १७ मिमी होता.

हे कागदावर राहू नये म्हणून दूरच्या कुंपणाचे खांब मोजले. १०×५० मधून चष्मा काढून मावशींना काठापासून काठापर्यंत तेरा खांब दिसले. चष्मा लावून सात. ८×४२ मधून, रबरी कड खाली दुमडून, चष्म्यासकट पंधरापैकी चौदा. म्हणजे १०×५० चं साडेसहा अंशांचं क्षेत्र मावशींपुरतं साडेतीन अंशांवर आलं. झूमला ज्या दोषासाठी नापास केलं, तोच दोष आता नावाजलेल्या १०×५० मध्ये उभा राहिला, फक्त मावशींपुरता.

"मग चष्मा काढूनच बघते की," असं मावशी म्हणाल्या, आणि दिवसा ते जमलंही. साधा लघुदृष्टीचा नंबर दुर्बिणीचं फोकस चक्र भरून काढतं. सिलिंडर मात्र भरून काढता येत नाही, कारण तो डोळ्याचा वेगवेगळ्या दिशांना वेगळा असलेला नंबर आहे आणि चक्र सगळ्या दिशांना एकच सुधारणा करतं. दुपारी बाहुली लहान असल्याने हा दोष झाकला जातो. म्हणूनच दुकानात दिवसाउजेडी केलेली पारख इथे फसवते. रात्री बाहुली उघडली आणि मावशींना व्याधाचा तारा बिंदूऐवजी तिरक्या रेघेसारखा दिसला. चक्र फिरवलं की रेघ उलट्या बाजूला तिरकी होई, बिंदू होत नसे. चष्मा लावला, बिंदू झाला.

पक्ष्यांच्या बाजूनेही चष्मा काढणं गैरसोयीचंच होतं. नुसत्या डोळ्याने हालचाल टिपायची, मग चष्मा कपाळावर सारायचा, दुर्बीण लावायची, तोवर पक्षी गेलेला. शिवाय दोघींनी एकच दुर्बीण वापरायची. मावशी चष्मा लावून बघत असतील तर त्यांचं आणि भाचीचं फोकस जवळजवळ एकाच जागी येतं. काढून बघत असतील तर दुर्बीण हातात आली की दर वेळी चक्र साडेतीन नंबरभर फिरवायचं.

एका रात्रीची पारख

निर्णय जवळपास झालाच होता, पण ८×४२ घेतल्याने काय गमावतोय ते दोघींनी डोळ्यांनी बघावं, असं मला वाटत होतं. आकाशात थोडा उजेड होता, फार नाही. हिवाळी नक्षत्रं वर आलेली.

कृत्तिका दोन अंशांच्या आत मावतात, त्यामुळे त्या दोन्हींतून छान दिसल्या. मावशींना १०×५० मधून त्या सापडायला वेळ लागला, सापडल्यावर काही अडलं नाही. फरक उघड झाला रोहिणीपाशी. रोहिणीच्या ताऱ्याभोवतीचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा पुंजका जवळपास पाच अंश पसरलेला आहे. ८×४२ मध्ये मावशींना तो अख्खा, भोवती मोकळी जागा ठेवून दिसला. १०×५० मध्ये चष्म्यासकट एका वेळी त्याची एकच बाजू. भाचीला मात्र दोन्हींत पूर्ण दिसत होता आणि १०×५० मध्ये जास्त भरगच्च.

मृग नक्षत्रातला तेजोमेघ तेराशे प्रकाशवर्षांहून थोडा दूर आहे. तो दोघींनाही १०×५० मध्येच जास्त आवडला: मोठा, पंखांसारखा पसरलेला. हे मी लिहितो कारण ८×४२ ची बाजू घेताना हा भाग गाळला जातो. अर्ध्या प्रतीचा फरक खरा आहे आणि दिसतो. गुरूचे चार मोठे चंद्र, जे गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत बघितले, ते हातात धरलेल्या ८×४२ मधून मावशींना दोनच दिसले. कोपरं भिंतीवर टेकवली, तिसरा दिसला. भाचीने आरामखुर्चीत रेलून १०×५० मधून चारही मोजले आणि ते सांगितलंही दहा वेळा.

सकाळी पारडं उलटं फिरलं. ८×४२ ची फोकस मर्यादा दोन मीटरपर्यंत जवळ येत होती, १०×५० ची सातच्या आत येईना. फुलपाखराच्या पंखावरची नक्षी बघायची तर हा फरक निर्णायक. वजन एकीचं साडेसहाशे ग्रॅम, दुसरीचं नऊशे. पक्षी कधी बाहेर येतो याची वाट बघत उभं राहिलं की अडीचशे ग्रॅम मानेला कळतात. झाडाच्या गचपणात पक्षी हुडकायला साडेसात अंशांचं क्षेत्र साडेसहापेक्षा किती सोयीचं, ते तर भाचीनेच मान्य केलं. तिला नुकताच झूमचा अनुभव आलेला होता.

निवड ८×४२ ची झाली. मावशींचा युक्तिवाद माझ्यापेक्षा सरळ होता: "दहा बाय पन्नास मला अर्धीच दिसते. अर्धीचे पूर्ण पैसे कशाला देऊ?"

आलेला नग

पहिला नग परत गेला. बाहेरून निर्दोष, खडखड नाही, चक्र मऊ. पण दूरची आडवी तार बघत दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू मागे नेली तर दोन नळ्यांतल्या तारा एका पातळीत राहीनात, उजवीकडची वर. याला कॉलिमेशन बिघडणं म्हणतात. डोळे थोडा वेळ ओढाताण करून दोन चित्रं जुळवतात, म्हणून दुकानात पाच मिनिटं बघून कळत नाही. अर्ध्या तासाने डोकं दुखायला लागतं आणि माणूस समजतो की आपल्यालाच दुर्बीण सोसत नाही. रात्री खात्री करायची सोपी रीत अशी: ठळक ताऱ्यावर एका नळीचं फोकस पूर्ण बिघडवायचं, दुसरीचं नीट ठेवायचं. नीट तारा धूसर चकतीच्या मध्यावर किंवा निदान आत बसला पाहिजे. आमचा चकतीच्या बाहेर, आणि तोही वरच्या अंगाला. आडव्या दिशेची थोडी चूक डोळे निभावून नेतात, उभ्या दिशेची जवळजवळ नाहीच.

स्वस्त दुर्बिणींत नग-नगात फरक असतो. म्हणून परत घेण्याची खात्री असेल तिथूनच घ्यायची, मग मॉडेल कितीही नावाजलेलं असो. दुसरा नग जुळला. उजेडाकडे धरून हातभर अंतरावरून नेत्रिकांमधले प्रकाशाचे ठिपके बघितले: गोल, कडा स्वच्छ. प्रिझमची काच हलकी, बीके-७ ची असेल तर बऱ्याचदा हे ठिपके चौकोनाकडे झुकलेले आणि काठाशी करडे दिसतात. बीएके-४ ची असेल तर बहुधा गोल. माहितीपत्रकात बीएके-४ लिहिलेलं होतंच, पण ठिपका बघणं जास्त भरवशाचं.

भाचीला पहिल्या दिवशीच शिकवलं ते डायऑप्टरचं, म्हणजे दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक जुळवण्याचं काम. उजव्या नळीचं तोंड झाकायचं, डाव्या डोळ्याने मधलं चक्र फिरवून चित्र स्पष्ट करायचं. मग डावी झाकायची आणि चक्राला हात न लावता उजव्या नेत्रिकेचं कडं फिरवायचं. पुढे फक्त मधलं चक्र. खूप जण हे कडं कधी फिरवतच नाहीत आणि दुर्बिणीला बोल लावतात.

त्याच दिवशी दुसरीही गोष्ट सांगितली, आणि ती आवाज चढवून: सूर्याकडे कधीच नाही. मावळताना लाल दिसतो तेव्हाही नाही, उडत्या पक्ष्याचा पाठलाग करताना चुकूनही नाही. क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. सकाळी पक्षी बघायचे तर सूर्य पाठीशी ठेवून उभं राहायचं, म्हणजे रंगही नीट दिसतात आणि हा धोकाही टळतो.

वापरात आल्यावर

ट्रायपॉडची उणीव दोन युक्त्यांनी बरीच भरून निघाली. एक, मागे रेलता येणारी खुर्ची, कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकलेली. दुसरी, लांब दांड्याचा झाडू उलटा उभा करून त्याच्या केसांवर दुर्बीण ठेवणं. हसू येतं, पण थरथर निम्म्याहून कमी होते. गुरूचा चौथा चंद्र मावशींना झाडूवरूनच दिसला. दुर्बिणीच्या मधल्या दांड्याला पुढच्या टोकाशी टोपीखाली आट्यांचं भोक आहे. पुढे कधी ट्रायपॉड आलाच तर एल आकाराचा छोटा अडॅप्टर तिथे बसेल.

शनीची कडी दिसावीत ही भाचीची मागणी मात्र पुरी होणार नाही. आठ किंवा दहा पटीला शनी फार तर लांबुळका वाटतो. कडी वेगळी दिसायला पंचवीसेक पट आणि स्थिर आधार लागतो, म्हणजे वेगळीच दुर्बीण. देवयानीतली दीर्घिका, पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर, तीही उजेडाच्या आकाशात दोघींना निराश करून गेली: फिकट डाग. तिथे १०×५० ने फार बरं दिसलं असतं असंही नाही. अंधाऱ्या जागी जाणं हाच उपाय. याउलट पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ, दीडेक अंशाचा, दोघींचा लाडका झाला, आणि अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं बघण्यात मावशी तासतास घालवतात.

एक बारीकसा त्रास राहिलाय. चष्म्याच्या बाजूने शिरणारा दिव्यांचा उजेड नेत्रिकेवर चमकतो. चष्मा न लावणाऱ्याचा हा उजेड रबरी कड अडवते. मावशींची कड दुमडलेली. त्या डोक्यावरून ओढणी घेऊन दोन्ही बाजू झाकतात. दमट दिवसांत दुर्बीण बंद पिशवीत न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायची, हेही ठरलंय, कारण भिंगावर एकदा बुरशी धरली की या किमतीच्या दुर्बिणीची दुरुस्ती सहसा परवडत नाही.

मावशींच्या नंबरात सिलिंडर नसता, किंवा त्या सिलिंडर भरून काढणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असत्या, तर मी बहुधा १०×५० कडे झुकलो असतो, जवळच्या फुलपाखरांवर पाणी सोडून. भाची स्वतःच्या दुर्बिणीसाठी पैसे साठवतेय. तिच्या डोळ्यांना चष्मा नाही, बाहुली सहा मिमीच्या वर उघडते, आणि १०×५० चा पाच मिमीचा अख्खा झोत ती वापरू शकते. तिच्या बाबतीत तेच जुनं ठरलेलं उत्तर बरोबर आहे. फक्त बिजागरी ५४ मिमीपर्यंत मिटते का, हे आधी बघायचं, किंवा तोवर तिच्या डोळ्यांतलं अंतर दोन मिमी वाढलेलं असेल.